रिमोटवरचा भोंगा आणि रानडुकरं : भोरच्या शेतातला प्रयोग, मदत हवी आहे

वेळवंडीकाठ
शनिवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. राहायला सिंहगड रस्त्याला, शेत भोर तालुक्यात, भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. काका-काकू तिथेच असतात. साडेतीन एकर आहे. खाली दीड एकर इंद्रायणी भात, वर एक एकर भुईमूग, राहिलेलं वरकस. वरच्या बांधाला लागून डोंगर सुरू होतो आणि तिथूनच डुकरं उतरतात.

गेल्या वर्षी शेंग भरली, काढणीला आठ दिवस राहिले, आणि दोन रात्रींत निम्मा भुईमूग गेला. सकाळी बघावं तर नांगर फिरवल्यासारखी जमीन उलथलेली. डुक्कर खातं त्याच्या कितीतरी पट नासतं. काकू दिवसभर उकरलेल्या मातीतून राहिलेल्या शेंगा वेचत होती, तोंडातून शब्द नाही. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

काका रोज माळ्यावर (शेतातल्या राखणीच्या मचाणावर) झोपायला जातात. झोपायला म्हणायचं, पण तासा-दीड तासाने उठून पत्र्याचा डबा बडवत वरच्या बांधापर्यंत चढायचं आणि परत यायचं. वय ६८, गुडघे दुखतात, अंधारात पिल्लंवाली मादी समोर आली तर काय, ही काकूला धास्ती. मला एवढंच हवंय, की ती चढण न चढता काकांना माळ्यावर बसून शेताच्या दुसऱ्या टोकाला आवाज करता यावा.

शोधता शोधता अमेरिकेतले शिकारी वापरतात तो इलेक्ट्रॉनिक गेम कॉल सापडला. डब्यात भोंगा, अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि आवाजांचा साठा. डबा लांब ठेवायचा, हातातल्या रिमोटवर आवाज निवडायचा, लहान-मोठा करायचा, बंद करायचा. त्यांना जनावर बोलवायचं असतं, आपल्याला घालवायचं आहे. यंत्र तेच. तिकडून मागवणं परवडणारं नव्हतं, म्हणून बुधवारातल्या तपकीर गल्लीतून सामान आणून स्वतः जोडलं :

डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरून गाणी वाजवणारं छोटं मॉड्यूल), १२ व्होल्टवर चालणारं क्लास-डी अॅम्प्लिफायर बोर्ड, ८ ओहमचा भोंगा, ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि ४३३ मेगाहर्ट्झचा चार बटणांचा रिमोट. आवाज भरले वाघाची डरकाळी, कुत्री, फटाके.

तीन अडचणी आहेत. एक, घराच्या गच्चीवर रिमोट छान चालला, शेतात ४० मीटरच्या पुढे जात नाही. माळा ते वरचा बांध सरळ रेषेत २५० मीटर आहे, मधे आंब्याची तीन झाडं. दोन, भोंग्यातून दर सेकंदाला 'टक्' असा आवाज येतो. तीन, वाघ वाजवला तर पिंपात कोणी खोकल्यासारखा ऐकू येतो. पहिल्या रात्री तरी डुकरं पळाली. चौथ्या रात्री नाही.


सोल्डरची धग
रविवार, सकाळी ७.४०

आधी रिमोट. त्या स्वस्त जोडीतला रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह प्रकारचा असतो, तो गॅरेजच्या दारापुरता. त्याच्या अँटेनाच्या छिद्रात काही जोडलंय का? बहुतेकांचं रिकामं असतं. १७.३ सेंटिमीटरची सरळ ताठ तार लावा, ही ४३३ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी. तेवढ्यानेही अंतर पुष्कळ वाढतं. शिवाय रिसीव्हर जमिनीलगत ठेवू नका. ओलं पीक आणि ओली पानं लहरी खातात. बांबूवर डोक्याच्या वर न्या.

तरी पावसात २५० मीटर खात्रीने हवे असतील तर लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांबवर संदेश पोहोचवणारं रेडिओ मॉड्यूल) घ्या. घेताना फ्रिक्वेन्सी नीट बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना कमी शक्तीच्या उपकरणांना मोकळा आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मोकळा असतो, म्हणून तिकडची मॉड्यूल्स ९१५ ला बांधलेली असतात. भारतात ९०० च्या आसपास मोबाइल कंपन्या आहेत, तिथे आपण बोलायचं नाही. अमेरिकी गेम कॉल कोणी बॅगेतून आणला तरी आधी त्याचा रिमोट कुठल्या पट्ट्यात बोलतो ते बघा.

आता 'टक्'. शेजारी कोणाचं झटका मशीन आहे का? सौर कुंपणाचं मशीन साधारण दर सेकंदाला एक ठोका सोडतं. तुमच्या वायरी अँटेनासारख्या तो पकडतात.


वेळवंडीकाठ
रविवार, सकाळी ८.०५

आहे! शेजाऱ्यांचं आहे, बांधाच्या पलीकडे. भोंग्याची वायर त्या तारेला समांतर ३० फूट गेली आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.


सोल्डरची धग
रविवार, सकाळी ८.३०

मग झालं. वायर समांतर नको, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. डबा तारेपासून लांब न्या. प्लेअर ते अॅम्प्लिफायर वायर शक्य तितकी आखूड आणि शिल्डवाली. ग्राउंड सगळे एकाच बिंदूवर आणा, मॉड्यूलवरून मॉड्यूलवर उड्या मारत नेऊ नका. प्लेअरच्या आरएक्स (संदेश आत घेणाऱ्या) पायाला १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला नसेल तर टाका, गुणगुण कमी होते.

तिसरी अडचण वायरिंगची नाही, भोंग्याची आहे. देवळातला किंवा जाहिरातीच्या रिक्षावरचा भोंगा ३००-४०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. वाघाच्या डरकाळीचा जीव नेमका त्याच्या खालच्या पट्टीत. तुम्ही वाजवता ती डरकाळी नाही, डरकाळीचा वरचा पापुद्रा आहे. खालचे सूर काढायला मोठा कोन, मोठी पेटी आणि दांडगी बॅटरी लागेल. शेतात ते करू नये असं माझं मत.

उलट माणसाची हाक, कुत्र्याचं भुंकणं, पत्रा, फटाका यांचा जोर वरच्या पट्टीत असतो आणि त्यात भोंगा वस्ताद आहे. साधा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८-९० डेसिबल देतो, भोंगा १०५ ते ११०. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या भोंग्यात स्वच्छ आवाजाचे फार तर ९ वॅट जातात, तरी १ मीटरवर ११७ च्या घरात. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे ६४ मीटरवर ८१ उरले. डुकराच्या कानाला भरपूर. वॅट वाढवण्यात पैसे घालवू नका.


ह्यूस्टनकर
रविवार, सकाळी ९.१५

मूळचा नाना पेठेचा, गेली १४ वर्षं टेक्सासमध्ये. मी स्वतः बंदूक धरत नाही, पण शेजाऱ्याचं रँच आहे आणि त्याच्याबरोबर कॉल लावायला चार-पाच वेळा गेलोय. वापर कसा करतात ते सांगतो, तुम्हाला उलटा करून घेता येईल.

तिथे मुख्य सावज कोयोटी, आपल्या कोल्ह्या-लांडग्याचा भाऊबंद. डबा शिकाऱ्यापासून ४०-५० यार्ड लांब, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून ठेवतात. आवाज जखमी सशाचा. सुरुवात हळू, कारण जनावर जवळच असेल तर एकदम मोठा आवाज त्याला पळवून लावतो. मग हळूहळू वाढवायचा, मधे शांतता ठेवायची. कोयोटी सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि वास घेऊन खात्री करतो. म्हणून शिकारी ती बाजू नजरेत राहील असा बसतो. १५-२० मिनिटांत काही आलं नाही तर जागा बदलायची. रिमोटचा खरा उपयोग हा, की जनावराचं सगळं लक्ष डब्याकडे जातं, माणसाकडे नाही.

तिकडे रानटी डुकरं बाहेरून आलेली, नुकसान करणारी मानली जातात. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने ती वर्षभर मारता येतात, २०१९ पासून त्याला शिकारीचा परवानाही लागत नाही. पण तिथेही सगळं मोकळं नाही. बदकांसारख्या स्थलांतरित शिकारी पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल वापरायला केंद्रीय नियमानेच बंदी आहे. ठरावीक काळात हिमहंसांसारख्या काही हंसांची संख्या कमी करण्यापुरती सूट मिळते.

आणि तुमच्या चौथ्या रात्रीचं. शिकाऱ्यांचा सगळ्यात मोठा वैताग असा, की एकदा कॉल ऐकून आलेला आणि निसटलेला कोयोटी त्या आवाजाला पुन्हा येत नाही. तो शिकतो. तुमची डुकरंही शिकली. फरक एवढाच, की यांना कळलं या आवाजामागे काही नाही.


मुळशीचा फार्महाऊसवाला
रविवार, दुपारी १.२०

छान माहिती. आमच्याकडे शनिवार-रविवार मित्र असतात. याच डब्यात तित्तर, लावे यांचे आवाज भरून ते जवळ बोलवता येतील का? एखाद-दुसराच हवा.


पाषाणची पाकोळी
रविवार, दुपारी २.०५

नाही. स्पष्ट सांगते, कारण अशा प्रश्नाला इथे गप्प बसलं तर वाचणाऱ्यांना ते चालतं असं वाटेल.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. विष घालणं, पकडणं, फासे-सापळे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातला प्रत्येक प्रयत्न, ही सगळी शिकारच. तित्तर आणि लावे दोन्ही त्या कायद्याखाली संरक्षित आहेत. जाळं लावून शेजारी आवाज वाजवणं हा या पक्ष्यांना पकडण्याचा जुना मार्ग आहे आणि आता तो मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकरवर आलाय. माळरानं आधीच उरली नाहीत, त्यात हे.

खायचा विचार नसला तरीही सांगते. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत मी बारा वर्षं पक्षी बघायला जाते. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, घरटं करतो. नेमकं त्याच दिवसांत कोणीतरी फोटोसाठी त्याचाच आवाज वाजवतं. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. खाणं सोडून, घरटं सोडून तो स्पीकरशी भांडत बसतो. एकाचा फोटो झाला की दुसरा येतो. एका नराने सकाळभरात पंचवीसेक वेळा त्याच फांदीवर येऊन हाका मारलेल्या मी मोजल्यात. त्याला तिथे भांडायला कोणीच नव्हतं. म्हणून प्लेबॅकचा विषय निघाला की मला शांत राहता येत नाही.

वेळवंडीकाठ, तुमच्या बाबतीत माझी हरकत नाही. रानडुक्करही संरक्षित आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये. पिकातून बाहेर घालवणं वेगळं आणि जाळ्याकडे, खड्ड्याकडे, तारेकडे हाकत नेणं वेगळं. दुसरं चुकूनही होऊ देऊ नका. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगीची तरतूद आहे, पण ती वनाधिकाऱ्याने लेखी द्यायची, आपण ठरवायची नाही. बीटच्या वनरक्षकांना आधी डबा दाखवा. नुकसान झालंच तर त्याच दिवशी कळवा म्हणजे पंचनामा वेळेत होतो. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.


मुळशीचा फार्महाऊसवाला
रविवार, दुपारी ३.३०

ताई, कल्पना नव्हती. बोलवायचा विचार सोडला. नुसते ऐकतो.


ओतूरचा बागायतदार
रविवार, रात्री ८.५०

आमच्याकडं बिबट्याचं राज्य आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, सगळीकडं ऊस आणि उसात बिबट्या. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात.

एक सांगतो, ते कोणी लिहिलं नाही म्हणून. वरती त्या टेक्सासवाल्या भाऊंनी जखमी सशाचा आवाज सांगितला. तसले आवाज डब्यात ठेवूच नका. आमच्या गावात एका पोरानं डुकराच्या पिल्लाचं ओरडणं वाजवलं होतं, मोठी डुकरं घाबरून पळतील म्हणून. दुसऱ्या दिवशी भोंग्याभोवती पंजे. पिल्लू, करडू, ससा, कुत्र्याचं केकाटणं, हे बिबट्याला जेवायचं आमंत्रण आहे. तुमचे काका माळ्यावर, माळा भोंग्यापासून दोन-अडीचशे मीटर. बघा विचार करून.

कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आमच्याकडं चालत नाही. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं.


वेळवंडीकाठ
रविवार, रात्री ९.१०

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या भागात बिबट्या कधीमधी दिसतो. कुत्र्यांचे आवाज आत्ताच कार्डवरून काढतो.


जुना राखणदार
सोमवार, पहाटे ५.३०

वय वर्षे ७४. लहानपण मावळात गेलं, आता धनकवडीला मुलाकडे असतो. पहाटे जाग येते, तेव्हा वाचलं.

आम्ही माळ्यावर असायचो तेव्हा डबा होता, गोफण होती, शेकोटी होती. पण खरं काम करायची ती हाळी. या शेतातून एकाने हाळी द्यायची, खालच्या शेतातून दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं, मग पलीकडच्या वाडीतून तिसऱ्याने. रात्रभर आवाज फिरत राहायचा, कधी कुठून येईल ते जनावराला कळायचं नाही. आता तीच शेतं आहेत, माणसं पुण्यात. एकटा माणूस डबा बडवतो, तो एकाच जागेवरून, ठरल्या वेळेला. जनावर काय मूर्ख आहे?

वाघ वाजवू नका. तुमच्या डोंगरातल्या डुकराच्या आजोबानेही वाघ पाहिला नसेल. माणूस वाजवा.


ह्यूस्टनकर
सोमवार, सकाळी ७.००

आजोबांना माझा नमस्कार. ते म्हणतात त्याला आधार आहे. २०२३ साली दक्षिण आफ्रिकेत क्रूगर अभयारण्याच्या परिसरात पाणवठ्यांवर कॅमेरा आणि स्पीकर लावून एक अभ्यास झाला. प्राणी जवळ आला की कधी सिंहाची गुरगुर, कधी बंदुकीचा बार, कधी कुत्री, कधी माणसांचं साधं शांत बोलणं. सगळ्यात जास्त पळापळ माणसाच्या बोलण्याला झाली, सिंहापेक्षाही. ओरडणं नाही, नुसतं बोलणं.


पाषाणची पाकोळी
सोमवार, सकाळी ८.२५

एक विचारते. भोंगा नेमका कुठे उभा केलाय आणि तोंड कुठे?


वेळवंडीकाठ
सोमवार, सकाळी ८.४०

वरच्या बांधावर, तोंड खाली शेताकडे. आत शिरायच्या आधीच अडवावं म्हणून. पण दुसऱ्या रात्री जे झालं ते काल लिहायचं टाळलं होतं. डुकरं आधीच भुईमुगात होती. काकांनी बटण दाबलं. आवाज डोंगराच्या बाजूने आला, म्हणून कळप डोंगराकडे न जाता खाली सुटला, थेट भातातून. लोंब्यांवर आलेलं भात अर्ध्या गुंठ्यात आडवं झालं. एक मोठा नर माळ्याखालून गेला. काका वर होते म्हणून वाचले. भोंगा तिथे ठेवायचं मीच सांगितलं होतं.


पाषाणची पाकोळी
सोमवार, सकाळी ९.००

तसंच वाटलं होतं. जनावराला परतीची वाट मोकळी ठेवायची, आणि ती वाट ज्या दिशेने ते आलं तीच. आवाज शेताच्या आतून, डोंगराकडे तोंड करून यायला हवा. मागे माणूस, पुढे रान.

अजून एक. रात्री डोंगराचा उतार थंड होतो आणि गार हवा खाली घसरते. म्हणजे तुमच्या शेतात रात्रीचा वारा डोंगराकडून खाली. काका खाली बसलेत, त्यांचा वास वर जातच नाही. डुकराची नजर अधू, सगळी मदार नाकावर, आणि त्या नाकाला वरून उतरताना खाली माणूस आहे हे कळत नाही. मुक्कामाला काका आहेत तरी डुकरं बिनधास्त का येतात, याचं एक कारण हे असणार. नाकाला जे कळत नाही ते कानाला सांगावं लागेल.

आणि त्याच गार हवेमुळे रात्री आवाज लांबवर जमिनीलगत वाहतो. वाडीला त्रास होईल. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर २००० सालच्या नियमांची बंधनं आहेत, तेव्हा ग्रामपंचायतीत आणि वाडीत सांगून, विचारून करा. दहा-पंधरा सेकंदांच्या वर वाजवू नका.


टायमरप्रेमी
सोमवार, सकाळी १०.४५

रिमोट कशाला हवा? टायमर लावा, दर २० मिनिटांनी आपोआप वाजेल. किंवा पीआयआर (अंगाच्या उबेवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर लावा, डुक्कर आलं की वाजेल. काकांना घरी झोपू द्या.


सोल्डरची धग
सोमवार, सकाळी ११.१०

टायमर म्हणजे चौथी रात्र तिसऱ्याच रात्री आणणं. दर २० मिनिटांनी वाजणारी गोष्ट दोन दिवसांत पावसासारखी होते, कानामागे पडते.

पीआयआर मी लावून पाहिलाय. छोट्या सेन्सरची पोहोच ७ मीटरच्या आसपास. एक एकराला किती लावणार? तो अंगाची ऊब आणि हालचाल दोन्ही बघतो, त्यामुळे उन्हाळ्यात जमीन तापलेली असताना संध्याकाळी कमी पकडतो, आणि वाऱ्याने हललेल्या ऊनऊन फांदीला डुक्कर समजतो. ठरावीक पायवाटेवर, चिंचोळ्या जागी उपयोग आहे. तिथे त्याने भोंगा वाजवू नये, काकांच्या हातातल्या रिमोटवर दिवा लावावा. बटण दाबायचं की नाही हे काकांनी ठरवायचं.


जुना राखणदार
सोमवार, दुपारी ४.००

दिवा लावण्याची कल्पना मला आवडली. राखणदाराला झोप लागते, ते पाप नाही. त्याला वेळेवर उठवणारं कोणीतरी हवं.


वेळवंडीकाठ
दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.१५

सगळ्यांचं ऐकून पुन्हा बांधलं. आता असं आहे :

भोंगे दोन. एक भुईमुगाच्या मधोमध, एक भाताच्या वरच्या कडेला, दोघांची तोंडं डोंगराकडे, सहा फूट बांबूवर. लोरा मॉड्यूल ८६६ ला ठेवलंय. माळ्यावरून दोन्ही भोंगे पावसातही उचलतात. काकांच्या रिमोटला तीनच बटणं ठेवली, मोठी, दरवाजाच्या बेलची. डावं, उजवं, आणि मधलं दोन्हींसाठी. लहान अक्षरांचा पडदा काढूनच टाकला, अंधारात चष्मा कुठे शोधणार. कोणता आवाज वाजेल ते यंत्र स्वतः निवडतं, एकच आवाज लागोपाठ दोनदा नाही.

डुकरांच्या जुन्या वाटेवर दोन सेन्सर आहेत. ते वाजले की रिमोट काकांच्या हातात थरथरतो. पहिल्या रात्री सात वेळा थरथरला, त्यातले पाच वेळा काही नव्हतं. एका सेन्सरसमोर करवंदीची फांदी होती, ती तोडल्यावर कमी झालं.

बॅटरीचं गणित : वाजताना सरासरी ५०० मिलिअँपिअर धरले आणि बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तरी सात तास सलग वाजेल. आपण रात्रीत दोन-तीन मिनिटंही वाजवत नाही. खरा खर्च दिवस-रात्र जागं राहणाऱ्या भागांचा, म्हणून अॅम्प्लिफायरची वीज रिलेने तोडली, बटण दाबल्यावरच चालू होते. त्यामुळे सुरुवातीला 'फट्' असा आवाज येतो. तो काढायचा विचार होता, पण काका म्हणाले राहू दे, त्यानेच ती दचकतात. खरंच आहे, दचकायला आवाज अचानक यावा लागतो.

आवाज आता असे : काकांची हाळी, काकूची हाळी, मी आणि चुलतभाऊ बोलत चाललोय ते, पत्र्याचा डबा, आणि लांबून येणारा ट्रॅक्टर. प्राण्याचा एकही नाही.

वनरक्षक येऊन बघून गेले. त्यांनी डबा उघडायला लावला, प्रत्येक आवाज ऐकला. जाताना एकच बजावलं, शेजाऱ्यांच्या झटका मशीनच्या तारेत कोणी कधी घरचा करंट सोडू नये यावर लक्ष ठेवा. त्या करंटने माणसं गेली आहेत, जनावरं गेली आहेत. काकांनी दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांकडे जाऊन मशीनची जोडणी बघून घेतली.

वाडीत सांगितलं. एका घरी तान्हं बाळ आहे, म्हणून खालचा भोंगा साडेअकरानंतर बंद.


ओतूरचा बागायतदार
रविवार, रात्री १०.४०

ट्रॅक्टर चांगला आहे. भोंगे दर दोन-तीन दिवसांनी थोडे हलवत जा. एका जागी मुळं धरू देऊ नका.


पाषाणची पाकोळी
सोमवार, सकाळी ७.५०

आणि आठवड्यातून एकदा तरी भोंग्याबरोबर खरा माणूस दिसला पाहिजे. दोघं-तिघं मिळून, टॉर्च घेऊन, बांधाच्या आतल्या बाजूनेच. आवाजामागे कधीतरी माणूस निघतो हे कळत राहिलं तर आवाजाला वजन राहील. एकट्या काकांनी मात्र जायचं नाही.


वेळवंडीकाठ
पाच आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९.३०

भुईमूग निघाला. वरच्या कोपऱ्यात साधारण दोन गुंठे गेले, बाकी घरात आला. भाताची कापणी पुढच्या आठवड्यात.

जे पाहिलं ते सांगतो. सलग बारा रात्री कळप बांधाच्या आत आला नाही. तेराव्या रात्री आला, ती दोन गुंठ्यांची रात्र. त्या रात्री काकांना ताप होता. माळ्यावर चुलतभाऊ होता आणि तो रिमोट उशाला ठेवून झोपला. रिमोट चार वेळा थरथरला, बटण कोणी दाबलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काका तापात सुद्धा माळ्यावर जायला निघाले, काकूने अडवलं आणि ती स्वतः गेली. तिने त्या रात्री तीनदा बटण दाबलं, डुकरं परत फिरली.

चढण कोणी चढलं नाही. काका सलग दोन-दोन तास झोपतात. गेल्या वर्षी या दिवसांत त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

एक गोष्ट मात्र कळत नव्हती. काकांच्या हाळीला कळप लगेच वळतो आणि काकूच्या हाळीला थांबून ऐकत राहतो. आधी वाटलं बाईचा आवाज म्हणून असेल. पण माळ्यावरून काकूने स्वतः हाळी दिली तर पळतात! मग दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोनवर नीट ऐकली. काकांचं मी बांधावर केलं होतं, काकूचं स्वयंपाकघरात, दार लावून. तिच्या हाळीमागे भिंतींचा घुमारा आहे आणि शेवटी कुकरची शिट्टी.


जुना राखणदार
शुक्रवार, रात्री ९.५०

घरातली हाळी आणि रानातली हाळी एक नसते. घरात माणूस गळा दाबून ओरडतो, शेजारी काय म्हणतील म्हणून. उघड्यावर न्या त्यांना. आणि समोर लांब कोणालातरी उभं करा, कोणाला तरी हाक मारायची असल्याशिवाय हाळी उमटत नाही.


वेळवंडीकाठ
शुक्रवार, रात्री १०.०५

उद्या सकाळी साडेसहाला स्वारगेटवरून भोरची एसटी पकडतोय. संध्याकाळी गुरं परतल्यावर काकू भुईमुगाच्या मोकळ्या रानात उभी राहील, काका वरच्या बांधावर, मी मधे रेकॉर्डर घेऊन. गेल्या वर्षी त्याच रानात बसून ती शेंगा वेचत होती.